सासूच्या गोळीतला अर्धा वाटा

मी सांगते आणि माझी पुतणी लिहिते. ती सातवी शिकलेली, म्हणून माझं बोलणं शाळेतल्यासारखं करून टाकते. करू दे. पण जिथं माणसं बोलतात तिथं मी तिला हात लावू दिलेला नाही. माणूस बोलला तसाच लिहायचा, नाहीतर लिहूच नको, असं तिला बजावून ठेवलं आहे.

सांगायचं कारण सरळ आहे. दोन वर्षांपूर्वी मी मरता मरता वाचले, आणि मला काय होत होतं ते माझं मीच शोधून काढलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीला जे सापडलं नव्हतं ते मला सापडलं. गर्व झाला म्हणायचं तर म्हणा. झालाच आहे, आणि मी तो लपवणार नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर. घाटावर उभं राहिलं की पलीकडच्या तीरावर मार्कंड्याची देवळं दिसतात. आम्ही ढिवर. नदीतली नि तलावातली मासोळी, आणि हंगामात लोकांच्या बांध्यांमध्ये धान रोवणं-कापणं, एवढ्यावर आमचं चालतं. जाळं विणणं हे बाप्यांचं काम. पण माझ्या बापाला मुलगा नव्हता, त्यानं ते मला शिकवलं. लग्न होऊन आले तेव्हा सून जाळं विणते म्हणून लोक बघायला यायचे. माझ्या हाताचं जाळं चार पावसाळे उसवत नसे.

तेच हात एका वर्षात मातीचे झाले.

आधी थंडी वाजायला लागली. हिवाळ्यात सगळ्यांनाच वाजते, पण मी वैशाखात वाकळ पांघरून ओट्यावर बसायची आणि पोरं हसायची. मग तोंड सुजलं, पापण्या जड झाल्या, भुवयांचे केस गेले. आवाज घोगरा झाला, बोलायला लागले की वाटे कोणी बाप्याच बोलतो आहे. झोप तर किती! चुलीपुढं बसल्या बसल्या डोळा लागायचा नि भाकर करपायची. सगळ्यात वाईट म्हणजे मला मोजता येईना. झिंग्यांचं जाळं बारीक घरांचं असतं. मी एक जाळं महिनाभर लावून विणलं, नवऱ्यानं ते पाण्यात टाकलं, आणि झिंगे खुशाल घरांतून निघून गेले. मी मोठ्या मासोळीच्या मापानं घरं घातली होती. तलावावर सगळे हसले. नवरा हसला नाही. जाळं खांद्यावर टाकून घरी आला.

माझी चुलत सासू मात्र आमच्या ओट्यावर बसून मला ऐकू जाईल अशी बोलली, "बकाराम, हे बाई कामातून गेली. अंगात आळस भरला तिच्या. पाट लावून दुसरी आन, घर तरी चालंन."

नवऱ्यानं हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि ते मला फार लागलं. भांडायलाही अंगात ताकद नव्हती. तोंड फिरवून पडून राहिले.

चांद्याला

गावात देवी टोचायला सरकारी माणूस आला होता. पोरांना टोचता टोचता त्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि नवऱ्याला म्हणाला, "ही आळशी नाही. ही आजारी आहे. चांद्याला ने." मला वाटलं त्याच्या पाया पडावं. वर्षभरात मला आजारी म्हणणारा तो पहिला माणूस.

मार्कंड्याची जत्रा झाल्यावर आम्ही निघालो. मूलपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. चांद्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती, पन्नाशीची, बारीक, चष्मा लावणारी. तिनं माझं अंग चाचपलं, गळा चाचपला, जीभ बघितली. गुडघ्यावर छोट्या हातोडीनं मारलं आणि पाय किती हळू हलतो ते बघत राहिली. मग मला सोडून नवऱ्याला विचारलं, "हिचा आवाज आधी कसा होता?"

 नवरा म्हणाला, "हे बोलली का तलावाच्या त्या पारेवर आयकू जाये जी. आता बाजूले बसून आयकू येत नाई." आणि तो रडायला लागला. मी त्याला रडताना त्याआधी पाहिला नव्हता. त्या दिवशी मला कळलं की ओट्यावर तो गप्प का राहिला होता. त्याला वाटत होतं मी मरणार.

डॉक्टरीण म्हणाली, गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात तिला. ती अंगाची चूल पेटती ठेवते. तुझी विझत आली आहे. मेंढीच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून गोळी करतात, ती रोज खायची, जन्मभर खायची.

जन्मभर म्हटल्यावर मी घाबरले. आपली सवय म्हणजे औषध घ्यायचं ते बरं होऊन सोडायला. पण दहा दिवस त्यांनी ठेवून घेतलं, आणि त्या दहा दिवसांत भीती थोडी उतरली. सकाळी काखेत काच लावून ताप बघायचे, मग दूध, मग नर्स मनगट धरून घड्याळाकडं बघत उभी राहायची. माझी खाट आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात होती आणि मी कुडकुडत असायची. तिथल्या आयाबाईनं कोणाला न विचारता एका सकाळी माझी खाट ओढून खिडकीच्या उन्हात नेली. "मले सांगितलं असतं तर पयलेच नेली असती," म्हणाली. तिचं नाव मी विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते.

घाम

घरी आल्यावर सासूनं, तिला मी आत्या म्हणते, गोळी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. "कायची होय?"

"मेंढीच्या गळ्याची."

"मंग खाय बिनधास. आपन का मेंढी खात नाई?"

दोन महिने काही वाटलं नाही. मग ज्येष्ठात एका दुपारी अंगण सारवताना कपाळावरून काहीतरी ओघळलं. मी हातानं पुसलं आणि बघतच राहिले. घाम. दीड वर्षात मला घाम आला नव्हता. मी शेणाच्या हातानं आत पळाले आणि आत्याला म्हटलं, "आत्या, पाहा, मले घाम येऊन राह्यला!" ती म्हातारी माझ्या कपाळाला हात लावून हसत बसली. त्यानंतर आवाज आला, सूज उतरली, मोजणं आलं. रोवण्याच्या आधी मी झिंग्यांचं नवं जाळं विणलं आणि एकही घर चुकलं नाही.

चुलत सासूनं ते बघून फक्त "बरं झालं बाई" म्हटलं. मी त्यावरच समाधान मानलं.

वाटा

आता चूक सांगते. ती आमचीच होती, आमच्या रीतीतली.

आमच्याकडं तलावावर जाळं ओढलं की मासोळीचे सारखे वाटे पाडतात. जो ओढायला आला त्याला वाटा, आणि जो आजारी पडून घरी राहिला त्यालाही वाटा. घरातही तसंच. जे येतं ते सगळ्यांचं. एकीला कोणी बोरं दिली तर ती पदरात बांधून घरी आणते आणि वाटते. मग औषध तरी वेगळं का ठेवायचं?

आत्याला दमा. बाजाराच्या गावचा डॉक्टर तिला पांढऱ्या गोळ्या देत असे. गोळी घेतली की तिची छाती मोकळी व्हायची, आणि घरघरणारी म्हातारी तासाभरात उठून झाडलोट करायला लागायची. मी बरी होत होते, पण अजून लवकर दमत होते. दिवाळीनंतर तलावाचं जाळं ओढणं सुरू झालं. बुधवारी ओढायचं, काठावरून दोर धरायला बायाही लागतात. गुरुवारी टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, दीड कोस. पहिल्याच बुधवारी मी दोर सोडून खाली बसले. आत्यानं पाहिलं. दुसऱ्या बुधवारी सकाळी तिनं आपली गोळी दातानं तोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"घे. मी यानंच उठतो. तू बी उठशीन."

काय सांगू, उठले! अंगात वारं शिरलं. दोर ओढला, टोपली वाहिली, बाजारात सगळ्यांआधी मासोळी विकून मोकळी. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? पुढच्या बुधवारी तिनं द्यायच्या आधी मीच हात पुढं केला. गुरुवारीही केला. ती बिचारी स्वतःसाठी अर्धीच ठेवायची आणि रात्रभर खोकायची, तेही मला दिसत होतं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला दोर हातात असताना छातीत धडधड सुरू झाली. पळून आल्यावर होते तशी नाही. मध्येच एक ठोका चुकायचा, मग चार ठोके एकदम पडायचे. हात थरथरले, तोंड कोरडं पडलं, डोळ्यांपुढं तलाव काळा झाला. शुद्ध आली तेव्हा नवरा मला चिखलातून उचलत होता.

गोळी बंद

चांद्याला डॉक्टरणीनं नाडी बघितली, नळी लावून छाती ऐकली. ती म्हणाली, "थायरॉईडची गोळी तुझ्या हृदयाला झेपत नाही असं दिसतंय. आजपासून अर्धी घे. महिन्यानं ये. धडधड राहिली तर ती बंदच करावी लागेल."

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या गोळीनं असं होतं, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या गोळीचं तिला ठाऊक नव्हतं, आणि ते मी सांगितलं नाही. लपवलं नाही हो, सुचलंच नाही. तिनं विचारलं, तुझं औषध नीट घेतेस ना? मी हो म्हटलं. ते दुसरं औषध माझं थोडंच होतं, ते आत्याचं होतं.

गाडीत बसल्यावर मी रडले. गोळी बंद म्हणजे काय, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? परत ती वाकळ, ते करपणं, ते झोपून जाणं. हृदय धरून ठेवायचं तर डोकं जाणार, आणि डोकं धरायचं तर हृदय. मी नवऱ्याला म्हटलं, "मी धडधडीनं मरन, पन तसं नाई जगनार." तो म्हणाला, "दोन्ही नोको बोलू," आणि खिडकीबाहेर बघत बसला.

थायरॉईडची गोळी अर्धी सुरू केली आणि आठ दिवसांत पापण्या परत जड झाल्या. बुधवारी-गुरुवारी आत्याची अर्धी घेणं चालूच होतं. पण धडधड? ती होती तशीच. इथं माझ्या डोक्यात खुट्ट झालं. गोळी अर्धी झाली, मग धडधड अर्धी का नाही झाली?

जाळं विणताना आम्ही बाजूला एक मोजणीची दोरी ठेवतो. एक ओळ झाली की एक गाठ. जिथं माप बदललं तिथं गाठीत रंगीत धागा अडकवायचा. डोक्यात ठेवायची गरज नाही, दोरी लक्षात ठेवते. मी तशीच दोरी घेतली. एका दिवसाची एक गाठ, आणि धडधड झाली त्या दिवशी गाठीत लुगड्याचा तांबडा धागा.

दोन आठवडे झाले. तांबड्या गाठी चार, आणि सगळ्या जोडीनं, बुधवार नि गुरुवार. मला वाटलं, कष्टाच्या दिवशी होतं. पण सोमवारी मी धान कांडते. दोन तास मुसळ उचलायचं, दोर ओढण्याहून ते काय हलकं आहे? सोमवारच्या गाठी मात्र पांढऱ्या.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी गाठ तांबडी झाली. गुरुवारी सकाळी आत्याची पुडी रिकामी होती. बाजारात नवी घेऊ म्हणून मी तशीच निघाले. तोच बाजार, तीच टोपली, तेच ऊन, तोच दीड कोस. धडधड नव्हती.

मी परत येऊन दोरी मांडीवर घेतली आणि हसले. मग लगेच हसू गेलं, कारण आता हे आत्याला सांगायचं होतं.

आत्या

मी सांगितलं. दोरी दाखवली, एकेक गाठ बोटानं मोजून दाखवली. ती आधी चिडली. "माह्या गोळीनं मी जगून राह्यली नि तू मरून राह्यली? असं कसं होईन?" मग दोरी हातात घेऊन तिनं स्वतः मोजली. तिलाही जाळ्याच्या गाठी कळतात, तिच्यापुढं लपवायला काही जागा नव्हती. मोजून झाल्यावर तिचं तोंड उतरलं.

"म्हंजे मीच मारून राह्यली होती तुले."

"तुमी वाटा देल्ला आत्या. मी मागून घेतला."

नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरनीले मायचं नाव नोको सांगू. गावात कळलं त म्हनतीन, सासूनं सुनेले औषध चारलं." त्याचं भय खोटं नव्हतं. आमच्या चुलत सासूला तेवढंच पुरलं असतं. पण नाव न घेता सांगू काय? न सांगता गेले तर डॉक्टरीण गोळी बंद करणार, आणि मी परत ओट्यावर. 

आत्या उठली, नवी पुडी कनवटीला खोचली आणि म्हणाली, "मी येतो चांद्याले. माह्या तोंडानं सांगतो. गावाले काय म्हनाचं ते म्हनू दे." ती म्हातारी जन्मात आगगाडीत बसली नव्हती.

डॉक्टरणीनं माझी सुजलेली पापणी बघितली, नाडी बघितली आणि कागद ओढला. मी म्हटलं, "लिवू नोका जी. पयले हे पाहा." आणि दोरी टेबलावर ठेवली.

तिला आधी कळेना. मी समजावलं. पांढरी गाठ काय, तांबडी गाठ काय, सोमवार कुठला, बाजार कुठला. शेवटच्या आठवड्यातली ती गुरुवारची पांढरी गाठ तिच्या बोटाखाली ठेवली. आत्यानं पुडी काढून पुढं सरकवली. "हे माही दम्याची गोळी. मी देल्ली तिले अर्धी अर्धी. मले वाटलं, बरी होईन."

डॉक्टरणीनं गोळी उजेडात धरली, पुडीवरचं वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ही गोळी हृदयाला पळवते. थायरॉईडची गोळीही पळवते, आणि त्यातून दुसरीचा जोर आणखी वाढवते. एका बैलाला दोन गाडीवान हाकत होते, सगुणा. बैल पडणारच." मग तिनं विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी माहं औषध विचारलं जी. हे आत्याचं होय."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे. मी तेवढंच विचारलं."

तिनं गोळी परत पुरी केली. पंधरा दिवस फक्त तीच, दम्याची अजिबात नाही. आत्याला वेगळं बसवून तपासलं आणि सांगितलं की तुझी गोळी तुझी, ती आता पुरी घे, तोडायची नाही. दोरी ठेवून घेऊ का, म्हणून तिनं मला विचारलं. मी नाही म्हटलं. चांगली सुताची दोरी होती. घरी जाऊन जाळ्याच्या काठाला लावून टाकली.

ज्यांना ही थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ती आपल्या मनानं सोडू नका, वाढवू नका. आणि डॉक्टरांपुढं बसलात की तोंडात जे जे गेलं ते सगळं सांगा, मग ते कोणाच्याही पुडीतलं असो. प्रेमानं दिलेलं तर आधी सांगा, कारण तेच सांगायचं राहून जातं.

पंधरा दिवसांनी मी नि आत्या परत गेलो. मधले दोन्ही बुधवार मी दोर ओढला होता, दमले तेव्हा खाली बसून घेतलं होतं, आणि कोणी काही बोललं तर बोलू दिलं होतं. डॉक्टरणीनं घड्याळ धरून नाडी मोजली, विश्वास बसेना म्हणून परत मोजली. "गोळी चालू राहणार," म्हणाली, आणि पाठीवर हात ठेवला. मी तिच्यापुढं नाही रडले. बाहेर बाकावर येऊन मग रडले, आत्याच्या खांद्यावर.

दार उघडंच होतं. आमच्यामागून एक तरणी बाई आत गेली होती, दूर धानोऱ्याकडची असावी. डॉक्टरीण तिला विचारत होती, काय होतं, किती दिवस होतं, कुठलं औषध चालू आहे का.

"काईच नाई जी," ती बाई म्हणाली.

"बरं. आता सांग, घरात दुसरं कोण औषध घेतं? त्यातलं तुला कोणी देतं का?"

 ती बाई हळूच म्हणाली, "सासरा देते जी. त्याच्यातलं थोडं."

मी आत्याचा हात दाबला. "आयकलं का, आत्या? तो सवाल आपला होय."